एसटीपी अपग्रेडच्या आधीचा वन्यजीव सर्व्हे : साइटवरच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

आज पहिल्यांदा साइट पूर्ण फिरले. पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठावरचा जुना मैलापाणी शुद्धीकरण प्लांट (एसटीपी) आहे, काम चालू असल्यामुळे नाव इथे टाकत नाही. अपग्रेड कशासाठी ते एकदा लिहून ठेवते. जुना प्लांट बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती त्याचं माप) ३० च्या हिशोबाने बांधलेला, आणि एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण) २०, टोटल नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम प्रति लिटर असे आकडे आले, ते या टाक्यांना झेपणारे नाहीत. म्हणून एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने पाणी शुद्ध करणारी नवी यंत्रणा, बसवायचंय. त्याच्या बेसिनला जागा कुठली तर मागचे १२ स्लज ड्राइंग बेड (गाळ वाळवायचे वाफे) आणि त्याच्या पलीकडचा जुना पॉलिशिंग पाँड (शुद्ध केलेलं पाणी शेवटी निवळायचं तळं) जो बरीच वर्षं वापरात नाहीये. स्लज यापुढे सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवून गाळातलं पाणी काढणाऱ्या मशीनला, जाणार त्यामुळे बेड लागणारच नाहीत असं ड्रॉइंगवर लिहिलंय.

आणि आज फिरताना जे काही जिवंत दिसलं त्यातलं बहुतेक सगळं याच दोन जागांवर होतं. पुढच्या बाजूला, म्हणजे स्क्रीन, ग्रिट चेंबर, क्लॅरिफायर या पाणी गाळायच्या-निवळायच्या भागाकडे, कावळे, घारी आणि रेलिंगवर दोन वंचक बगळे, बस.

टेंडरमध्ये सर्व्हे 'दोन दिवस' असा लिहिलाय. एसटीपी २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या) नोटिफिकेशनच्या यादीत येत नाही, म्हणून वेगळी पर्यावरण मंजुरी लागत नाही, हा सर्व्हेसुद्धा कर्ज देणाऱ्यांची अट म्हणून आलाय. मी सांगितलं दोन दिवसांत काही कळणार नाही, हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही बघू द्या, पैसे तेवढेच राहू देत. परवानगी मिळाली.

सेफ्टीचं : गमबूट, ग्लोव्ह्ज, टिटॅनस आणि टायफॉइडची इंजेक्शनं माझी आणि ओंकारची (एमएस्सी करतोय, फील्डला मदतीला आहे) घेऊन झाली. झाकण असलेल्या कुठल्याही चेंबरमध्ये डोकंसुद्धा घालायचं नाही हा नियम आहे, गॅसने माणूस आवाजही न करता जातो.

२४ नोव्हेंबर

सकाळी ६:४० ते ९:१५. पहिला पूर्ण काउंट. दहा पॉइंट ठरवले, प्रत्येकावर दहा मिनिटं.

बेड नंबरप्रमाणे लिहायचं ठरवलं ते बरं झालं, कारण बाराही बेड एका अवस्थेत कधीच नसतात. एकात आज ओतलेला पातळ गाळ असतो, दुसऱ्यात आठवड्यापूर्वीचा साय धरलेला आणि तिसऱ्यात पार तडकून पापुद्रे निघालेला, आणि प्रत्येकावर पाखरं वेगळी. पातळ गाळावर कोणी उतरत नाही, कडेच्या भिंतीवरून धोबी पक्षी फक्त माश्या टिपतात. अर्धवट सुकलेल्यावर खरी गर्दी : शेकाट्या १४, ठिपकेवाली तुतारी ६, हिरवी तुतारी २, कंठेरी चिखल्या ५, पिवळा धोबी मोजता मोजता ३० च्या वर गेले. तडकलेल्या बेडवर टिटव्यांची जोडी आणि एक काळा शराटी जो भेगांमध्ये चोच घालून काहीतरी ओढून काढत होता.

पाँडवर पाणपक्षी : वारकरी, टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदी-कुंकू बदकं. थापट्या बदकं ९. निम्म्या पाँडवर जलपर्णी आणि पूर्वेच्या कडेला पाणकणसाचा पट्टा, साधारण २० मीटर रुंद.

१५ डिसेंबर

पाखरं खातात काय ते आज बघितलं. बेड नं. ५ च्या कडेचा गाळ एक लहान डबाभर घेतला, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून पसरला आणि थांबलो. दोन मिनिटं नुसता काळा गाळ. मग तो हलायला लागला. लाल भडक, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक अळ्या एकेक करून वर येत होत्या, आकड्यासारख्या वाकत, सरळ होत, परत वाकत. कायरोनोमिड माश्यांच्या (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या) अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून तो रंग, आणि त्यामुळेच जिथे ऑक्सिजन जवळपास नाही अशा गाळात त्या जगतात. ट्रेच्या एका कोपऱ्यात शेपटीसारखी लांब नळी असलेली एक अळी पण निघाली, ती नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेते. ओंकार म्हणाला ताई, हे सगळं एका डब्यात? हो, एका डब्यात, आणि बेड बारा आहेत.

गेट वर वॉचमन विचारत होता की बेडवर संध्याकाळी जे घोंगावतं ते डासच ना, कारण गेल्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूचे त्या वावटळीसारख्या थव्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. या साइटवर मी जे पकडून बघितले ते थवे कायरोनोमिडच्या नरांचे आहेत, ते चावत नाहीत. डास आहेतच, पण ते जलपर्णीखाली साचलेल्या पाण्यात. लोकांच्या डोक्यात दोन्ही एक आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये हे वेगळं आणि सोप्या शब्दांत लिहायला हवं.

११ जानेवारी २०२५

आजची नोंद शिंदेमामांमुळे. मामा इथे ऑपरेटर आहेत, बावीस वर्षं याच प्लांटवर. मागच्या वेळी चहा पिताना म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही रोज सकाळचं येता, एकदा दिवेलागणीला येऊन बघा, त्या पाणकणसात किती पाखरू उतरतंय ते."

पाच वाजता जाऊन बसलो. सव्वासहापर्यंत काही नाही. मग नदीकडून चार-पाच धोबी आले, त्यांच्या मागे वीसेक, आणि मग सगळ्या बाजूंनी, बेडवरून, शेतांकडून, हायवेपलीकडून, लाटालाटांनी यायला लागले, पाणकणसावर एक चक्कर मारायची, चिवचिव करत एकदम खाली घुसायचं, कणसं वाकायची, परत उठायचे, परत बसायचे. ओंकारने एका बाजूचे मोजले मी दुसऱ्या बाजूचे, ६:५० पर्यंत आमचा मिळून अंदाज ८०० च्या पुढे, बहुतेक पिवळे धोबी, थोडे पांढरे, आणि भिंगऱ्यासुद्धा. अंधार झाल्यावर आतून नुसता कुजबुजल्यासारखा आवाज येत होता.

मी दोन महिने सकाळी येत होते आणि माझ्या शीटवर त्या पट्ट्यापुढे 'पाणकोंबडी ३, दयाळ १' एवढंच लिहिलेलं आहे. ड्रॉइंगमध्ये नेमका तोच पट्टा 'झुडपे, साफ करणे' म्हणून दाखवलाय. यापुढे प्रत्येक व्हिजिटला सकाळ-संध्याकाळ दोन्ही.

२ फेब्रुवारी

साइटवर सगळीकडे जीबीएसचाच (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, दूषित पाण्याशी जोडला जातोय) विषय. सिंहगड रोड भागात पेशंट वाढतायत, मामांचे एक नातेवाईक तिकडेच राहतात. मैलापाणी नीट शुद्ध झालं पाहिजे, पिण्याच्या पाण्यात एक थेंब मिसळता कामा नये, यात मला कधीच शंका नव्हती. हे काम लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं आणि सर्व्हे करणारी म्हणून हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

रात्रीचा सर्व्हे ७ ते १०:३०. बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र) एका मैत्रिणीकडून आणला. एरेशन टँकवर (पाण्यात हवा सोडायच्या टाकीवर) लहान वटवाघळं सतत फिरत होती, डिटेक्टर थांबतच नव्हता. ती राहतात कुठे ते शोधताना जुन्या पंपहाऊसच्या स्लॅबच्या जॉइंटमधून बाहेर पडताना सापडली, भेगेच्या खाली भिंतीवर लेंड्यांचा काळा ओघळ आहे. हे पंपहाऊस पाडायचंय.

त्याच पंपहाऊसमध्ये गव्हाणी घुबड. क्रेनच्या गर्डरवर बसलेलं होतं, टॉर्च लगेच खाली घेतला. खाली जमिनीवर त्याने ओकून टाकलेल्या गोळ्या, अंगठ्याएवढ्या, करड्या. सात उचलल्या, घरी भिजवून सोडवल्या : उंदरांच्या अकरा कवट्या, एका चिचुंद्रीचा जबडा. मामा म्हणाले नवीन पोरं घुबडाला घाबरतात, अपशकुन म्हणतात, पण ते आल्यापासून पॅनेल रूममधल्या केबल कुरतडायच्या थांबल्यात. त्याच्यासाठी घरट्याची पेटी बसवायची तर पाडापाडीच्या बऱ्याच आधी बसवायला हवी, घुबडाला ती सापडायला आणि पटायला वेळ लागतो.

९ मार्च

थापट्या गेले. धोबी कमी होतायत.

पाँडमध्ये कासव असल्याचं दोघा-तिघांनी सांगितलेलं, आज स्वतः बघितलं. सकाळी आठच्या सुमाराला जलपर्णी नसलेल्या कोपऱ्यात पाण्यावर बोटाच्या पेराएवढं नाक वर आलं, साधारण दोन मिनिटं राहिलं आणि गेलं. मग दुसरीकडे. एका वेळी जास्तीत जास्त पाच नाकं मोजली. जुन्या पाइपवर एक चढून बसलं तेव्हा खात्री झाली, मऊ पाठीचं कासव. वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, म्हणजे वनविभागाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हलवणं तर सोडाच.

आणि इथे प्लॅनमधली सगळ्यात मोठी चूक दिसतेय. पाँड मे महिन्यात पंपाने उपसायचा, सुकवायचा आणि पोकलेन घालून गाळ काढायचा असं लिहिलंय, कारण तेव्हा पाणी कमी असतं आणि 'काही नसतं'. पण पाणी आटलं की हे कासव दुसरीकडे निघून जाईलच असं नाही, ते चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट बघत पडून राहतं. म्हणजे वरून कोरडा रिकामा दिसणारा पाँड आणि खाली कासवं, आणि त्यावरून वीस टनाचं मशीन. आजच मेल टाकला : उपसा हिवाळ्याच्या शेवटी, हळूहळू, परवानगी हातात घेऊन, गाळ माणसांनी चाचपत बघितल्याशिवाय मशीन उतरवायचं नाही.

झाडांची यादी उद्यान खात्याची आली. खोडं मोजलीत, ढोल्या मोजलेल्या नाहीत. वाळुंजाच्या दोन ढोल्यांत पिंगळे आहेत. पन्नास वर्षांवरचा एक वड आहे, तो नव्या नियमांत हेरिटेज वृक्ष ठरतो, सुदैवाने तो कंपाउंडच्या कोपऱ्यात आहे आणि कोणाच्या वाटेत येत नाही.

६ एप्रिल

घरट्यांचा सीझन चालू. टिटवीची दोन घरटी : एक बेड नं. ४ मध्ये, तडकलेल्या गाळावर, आणि एक बेड ७ आणि ८ च्या मधल्या बांधावर खडीत.

नं. ४ चं घरटं मी पाच पावलांवर उभी असूनही मला दिसत नव्हतं. मामांनी काठीने दाखवलं. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, रंग अगदी वाळक्या मैल्याचा, त्यावर काळे डाग, आणि भोवती गाळाचेच छोटे पापुद्रे कडेला सरकवून केलेली वाटीसारखी जागा. टिटवी डोक्यावरून ओरडत होती, म्हणून फोटो एक काढला आणि लगेच मागे झालो.

बांधावरचं बघून मामा म्हणाले, "टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हंजे यंदा पाऊस लई." त्यांच्या गावाकडे सगळे हे बघतात. नोंद म्हणून लिहितेय.

दोन्हीकडे चार बांबू, लाल पट्टी, बोर्ड लावला. सुपरवायझरला फोनवर आणि लेखी दोन्ही कळवलं. २८ ते ३० दिवस उबवणं असतं, तोपर्यंत त्या दोन जागा सोडा.

१९ एप्रिल

बेड नं. ४ खरवडला गेला. काल दुपारी. वाळलेला गाळ उचलायला जे लोक येतात त्यांनी जेसीबी लावला, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बांबू बाजूला काढून व्यवस्थित भिंतीला टेकवून ठेवले होते. ज्याने मशीन चालवलं त्याला भेटले, पोरगा विशीतला असेल, त्याला खरंच वाईट वाटलं, म्हणाला मला वाटलं लाल पट्टी खड्ड्यासाठी आहे.

टिटव्या अजून त्या जागेवर फिरत होत्या.

मला राग त्या पोराचा नाही आला. निरोप माझ्याकडून निघाला, ऑफिसात पोचला, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्यापर्यंत आलाच नाही. आता बोर्ड बदललाय : वर अंड्यांचा मोठा फोटो, खाली मराठी आणि हिंदीत 'अंडी आहेत, मशीन नको', आणि माझा नंबर. सकाळच्या शिफ्टच्या हजेरीला मामा स्वतः सांगणार आहेत.

४ मे

बांधावरच्या घरट्यात पिल्लं निघाली! मामांचा फोन ६:१० ला. मी पोचेपर्यंत तीन पिल्लं बांधाच्या उतारावर पळत होती, चौथं अजून ओलं होतं.

बेड ९ आणि १० मध्ये गाळ ओला ठेवलाय, तिथे शेकाट्यांची चार घरटी. पाँडमधला जलपर्णी नसलेला कोपरा आटत चाललाय, नाकं आज दोनच दिसली.

२७ मे

गेले आठ-दहा दिवस पाऊसच पाऊस. काल तर हवामान खात्याने मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीरसुद्धा केलं, एरवी आपण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाट बघत असतो. बेडच्या खालचे ड्रेन अर्धे चोक आहेत त्यामुळे वाळूतून पाणी खाली जात नाही, ९ आणि १० मध्ये वीतभर पाणी साचलंय.

चारपैकी तीन घरटी बुडाली. चौथ्यावर मी पाऊण तास बसून होते, छत्रीखाली, दुर्बीण पुसत पुसत. मादी अंड्यांवर बसलेली, नर त्या लांब गुलाबी पायांनी पाण्यात फिरून पाणकणसाची वाळकी पानं, गाळाचे तुकडे, एकदा प्लास्टिकच्या दोरीचा तुकडा असं जे मिळेल ते आणून तिच्यापुढे टाकायचा, आणि ती बसल्या बसल्या मान वाकवून ते अंड्यांखाली सरकवायची. घरटं वर वर येत होतं. मी निघाले तेव्हा अंडी पाण्याच्या वर दोन बोटं होती.

प्लॅनप्रमाणे पाँडचा उपसा याच महिन्यात होता, माझ्या मेलनंतर तो थांबवलेला. पावसाने पाँड भरला आणि कासवं वर आलीत, आज सहा नाकं. आजपर्यंतची सगळ्यात जास्त.

३१ मे

त्या घरट्यात दोन पिल्लं. बाकी दोन अंडी तशीच थंड.

१४ जून

मीटिंग. तीन तास. सगळं लिहीत नाही, मुद्द्याचं लिहिते.

एका साहेबांनी विचारलं की मैल्याच्या चिखलासाठी आम्ही प्रोजेक्ट थांबवायचा का. मी म्हटलं एक दिवसही थांबवू नका. मी पुण्याच्या खालच्या अंगाला नदीवरच्या कवडीपाटला लहानपणापासून जातेय, बंधाऱ्याखाली पांढरा फेस तरंगताना बघितलाय, त्या काळ्या पाण्यात उभे असलेले पक्षी बघून लोक म्हणतात की पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक आहे, तसं नाहीये. पाणी स्वच्छ झालंच पाहिजे. मी फक्त क्रम बदलायला सांगतेय.

आणि हेही स्पष्ट सांगितलं की बीओडी १० चं पाणी पाँडमध्ये सोडलं तर आजच्याएवढ्या लाल अळ्या राहणार नाहीत, काही पाखरं कमी होणार, ते मी लपवणार नाही. पण उथळ चिखल, पाणकणीस आणि शांत कडा राहिली तर बरीचशी टिकतील.

मान्य झालं ते : बेड एकदम न पाडता आधी सहा, आणि पाडायचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे घरटी संपलेली आणि हिवाळी पाहुणे यायच्या बेतात. बेड १०, ११, १२ कायम ठेवणार, त्यातल्या दोनात शुद्ध पाणी आणि गाळमाती भरून उथळ चिखल ठेवायचा. सेंट्रिफ्यूज बंद पडलं तर तिसरा बेड कामाला येईल हा मुद्दा खरं तर मामांनी मांडला आणि तिथेच वातावरण बदललं, कारण मशीन बंद पडल्यावर स्लजचं काय करायचं याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. घुबडाची पेटी जुलैत ब्लोअर रूमच्या मागच्या भिंतीला. पाँडकडचे दिवे खाली तोंड करून.

मान्य न झालेलं : सर्व्हिस रोड. तो पाणकणसाच्या पट्ट्यातूनच जातो. मी तो १८ मीटर पश्चिमेला सरकवायला सांगितला, त्यांचं म्हणणं टँकर वळणार नाही. ११ जानेवारीच्या संध्याकाळचा व्हिडिओ दाखवला. खोली शांत झाली, पण 'बघू' एवढंच.

६ जुलै

सुगरणींची घरटी पाँडवरच्या बाभळीवर, २३, त्यातली निम्मी अजून अर्धवट विणलेली, नर उलटे लटकून पंख फडफडवतायत. धामण एक, बेड ११ च्या भिंतीलगत. रात्री बेडकांचा आवाज इतका की डिटेक्टरचा ऐकू येईना.

घुबडाची पेटी बसली. तोंड पूर्वेला, जमिनीपासून साडेपाच मीटर.

दुपारी मी, ओंकार आणि मामा टेप घेऊन सर्व्हिस रोडची वळणाची त्रिज्या प्रत्यक्ष मोजत होतो. मामांनी रोजचा टँकरवाला बोलावून घेतला आणि चुन्याने आखलेल्या नव्या लाइनवरून गाडी फिरवून दाखवायला सांगितली. पहिल्यांदा मागचं चाक चुन्यावर गेलं. दुसऱ्यांदा वळली. तिसऱ्यांदा पण वळली, भरलेली. व्हिडिओ काढलाय, मोजमापांसकट उद्या पाठवतेय.